दोन घरं, एक प्रश्न : सुगरण आणि वाघूळ



आजच्या व्याख्यानाचा फलक बाहेर लागला तेव्हा एका जुन्या स्नेह्यांनी मला थांबवून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे पक्षी आणि वटवाघळं कधीपासून?" प्रश्न रास्त आहे. मी प्राणिशास्त्राचा माणूस नाही. पण आयुष्यभर मी एक गोष्ट शिकवली. उत्तर चुकलं असेल तर आधी प्रश्न तपासून बघावा. आज मी तेवढंच करणार आहे. एक लहानसा गाणारा पक्षी आणि एक वटवाघूळ, या दोघांना आपण काय काय प्रश्न विचारत आलो त्याचा हा इतिहास आहे. दोघंही आपल्या पुणे परिसरातले. पक्षी म्हणजे सुगरण. वटवाघूळ म्हणजे आखूड नाकाचं फळखाऊ वाघूळ. ते शनिवारवाड्यातल्या भुतांसारखं गोष्टीतलं नाही. पुण्याच्या बागांत, रस्त्याकडेच्या झाडांत ते खरोखर राहतं.

भाषेपासून सुरुवात करू. मराठीत 'पाकोळी' हा शब्द बघा. संध्याकाळी जुन्या इमारतींभोवती चिरचिर करत गिरक्या घेणारा काळा पक्षी, तीही पाकोळी. आणि थोडा आणखी अंधार पडल्यावर दिव्याभोवती फिरणारं लहान वटवाघूळ, तीही पाकोळी. आपल्या आजीला पंख दिसले, फडफड दिसली, तिनं दोघांना एकच शब्द दिला. तिला वर्गीकरण करायचंच नव्हतं. पंडितांना मात्र करायचं होतं, आणि तिथे अडचण सुरू झाली.

अ‍ॅरिस्टॉटल इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला. प्राण्यांच्या अवयवांवर लिहिताना तो वटवाघळापाशी अडखळतो. हा उडणाऱ्यांतला म्हणावा तर याला पक्ष्यासारखी शेपटी नाही, जमिनीवरचा म्हणावा तर पंख आहेत. म्हणून तो म्हणतो की हा दोन्हीकडचा आहे आणि कुठलाच नाही. इसापच्या नावावरची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. पशू आणि पक्ष्यांचं युद्ध, वटवाघूळ जिंकणाऱ्याच्या बाजूला, आणि शेवटी दोघांनीही हाकललेलं. म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलला जी वर्गीकरणाची अडचण होती, ती गोष्टीत त्या प्राण्याच्या चारित्र्याचा दोष झाली. आपल्याकडे मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात कोणतं पाप केल्यावर कोणता जन्म मिळतो त्याची यादी आहे. तिथे गूळ चोरणाऱ्याला वाघळाचा जन्म दिलाय. आणि 1758 मध्ये लिनियसनं जेव्हा सगळ्या प्राण्यांची शिस्तीत मांडणी केली, तेव्हा त्यानं वटवाघूळ कुठे बसवलं? माणूस आणि माकडांच्या पंक्तीत! नंतर ते तिथून उठवलं गेलं, हा भाग वेगळा.

या सगळ्यांत एक सूत्र दिसतं. वटवाघळाला दोन हजार वर्षं एकच प्रश्न विचारला गेला : तू कोण? कुठल्या जातीचा? कुठल्या पंक्तीचा?

आता सुगरणीकडे या. हा पक्षी चिमणीएवढा, पंधराएक सेंटिमीटरचा. एरवी अगदी चिमणीसारखाच दिसतो. पावसाळ्यात मात्र नराच्या डोक्यावर आणि छातीवर पिवळा रंग चढतो. तिला आपण कधी विचारलं का, तू कोण म्हणून? नाही. तिला विचारलं, तू करतेस काय? पंचतंत्रात पावसात कुडकुडणाऱ्या माकडाला घर बांधण्याचा उपदेश करणारं चिमण्यांचं जोडपं आहे. आपण लहानपणी ती गोष्ट ऐकली तेव्हा बहुतेक वेळा तिथे सुगरण असायची. अबुल फज़लच्या 'ऐन-ए-अकबरी'त या पक्ष्याच्या हुशारीचं कौतुक आहे. शिकवला तर तो हातातलं नाणं घेऊन धन्याला आणून देतो, असं तो सांगतो. आणि मराठीनं तर नावातच प्रशस्तिपत्रक देऊन टाकलं : सुगरण. म्हणजे उत्तम गृहिणी, जिच्या हाताला चव आहे, जिचा संसार नीटनेटका आहे.

बहिणाबाई चौधरींची खोप्यावरची कविता आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. जन्म 1880, मृत्यू 1951. लिहिता-वाचता येत नव्हतं. 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कविता छापून आल्या तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला. त्या कवितेत त्यांनी खोप्याची कारागिरी आणि हत्यार म्हणून एवढीशी चोच फार अचूक टिपली आहे. शेतात राबणाऱ्या बाईची ती नजर आहे. पण खोपा विणणारी कोण, हे मात्र भाषेनंच आधी ठरवून ठेवलं होतं. नाव सुगरण, म्हणजे विणणारी ती. यात बहिणाबाईंची चूक काढण्याचा माझा हेतू नाही. हजारो सुशिक्षितांनीही तेच मानलं. नाव एकदा स्त्रीलिंगी झालं की कुणी वर बघून खात्री करत नाही.

खात्री कशी झाली, त्याची गोष्ट किहीमची आहे. अलिबागजवळचं समुद्रकाठचं गाव. साल 1930. सालिम अली तेव्हा चौतिशीत आहेत. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांची मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी होती. रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकायला गेले, आणि परत येतात तो काय, पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली! मग पत्नी तेहमीना यांच्यासह ते किहीमला राहायला गेले. पावसाळा आला. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. हातात काम नाही, वेळच वेळ. ते आडोसा करून बसले आणि रोज बघत राहिले, टिपणं घेत राहिले. 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. नोकरी गेली नसती तर तो निबंध त्या वर्षी झाला असता का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

त्यांना काय दिसलं? खोपा विणणारा नर आहे. गवताच्या, शिंदीच्या पानांच्या लांब चिरफळ्या काढून तो आणतो. एका खोप्यासाठी पाचशेपर्यंत खेपा होतात. आधी फांदीला गाठी, मग कडं, मग शिरस्त्राणासारखा अर्धा खोपा, आणि त्याच्या तोंडाशी आडवी पट्टी. इथपर्यंत साधारण आठ दिवस जातात. आणि इथे तो थांबतो. का? कारण आता माद्या येतात. नर पंख फडफडवत, किलबिलाट करत उलटा लोंबकळतो. मादी आत शिरते, पट्टीवर बसते, विणकाम चोचीनं ओढून बघते. पसंत पडलं तर राहते. नाही पडलं तर सरळ निघून जाते, आणि तो अर्धा खोपा तसाच लोंबत राहतो. झाडावर आपल्याला जे अर्धवट खोपे दिसतात ते बहुतेक असे नापसंत झालेले.

मादीनं होकार दिला की नर पुढचं काम करतो : अंड्यांची खोली, आणि खाली लोंबणारी नळी. आतलं अस्तर ती करते. दोन ते चार अंडी घालते, एकटीच उबवते. आणि साहेब? साहेब शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा सुरू करतात, दुसरीसाठी. जमलं तर तिसरीसाठीही.

म्हणजे बघा, 'सुगरण' या एका शब्दानं दोघांवर अन्याय केला. नराचे कष्ट झाकले गेले, आणि मादीची पारख झाकली गेली. आपण तिला राबणारी ठरवली. ती प्रत्यक्षात परीक्षक आहे. बांधकाम बघून होकार-नकार देणारी. आपल्या संस्कृतीला राबणारी बाई चटकन समजते. नकार देणारी समजायला 1930 साल उजाडावं लागलं.

आता दुसऱ्या घराकडे जाऊ.

आपलं हे फळखाऊ वाघूळ वजनानं पन्नासएक ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे सुगरणीच्या साधारण दुप्पट. कुत्र्यासारखं तोंड, मोठे डोळे. 1797 मध्ये मार्टिन व्हाल या अभ्यासकानं तामिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या, म्हणजे तेव्हाच्या डॅनिश वसाहतीतल्या नमुन्यावरून त्याला शास्त्रीय नाव दिलं. नाव मिळालं, 'तू कोण' याचं उत्तर मिळालं. पुढची दोनशे वर्षं आपल्या लेखी ते पेरू-चिकूचं चोर आणि गाडीवर डाग पाडणारं. ते घर बांधतं, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. वटवाघूळ म्हटलं की उलटं लटकायला फांदी किंवा गुहा, एवढंच.

1995 मध्ये एच. आर. भट आणि अमेरिकेतले वटवाघळांचे अभ्यासक टॉमस कुंझ यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. अभ्यास पुण्यातला. पुण्याच्या बागांतून, बंगल्यांच्या आवारांतून भेरली माड लावलेला असतो. तो तुम्ही पाहिला असेल. ज्याच्या फळांचे लांब लांब घोस झुंबरासारखे लोंबतात, तो. या घोसांच्या आतल्या, मधल्या सरी वाघूळ दातांनी कुरतडून तोडतं. बाहेरच्या सरी तशाच राहतात. आत घंटेसारखी पोकळी तयार होते, बाहेरून काही पत्ता लागत नाही. त्याच वर्षी दक्षिण भारतातल्या अभ्यासकांनीही याच जातीच्या तंबू बांधण्यावर निबंध प्रसिद्ध केला. तिकडे ती दाट वेलींत आणि आपण खोटा अशोक म्हणतो त्या झाडाच्या पानोळ्यात असे तंबू करते. एक नर एकटा आठवडेच्या आठवडे फांद्या आणि पानं चावून ते तयार करतो.

आणि मग? मग माद्या येतात. एका तंबूत एक नर आणि अनेक माद्या. कधी चार-पाच, कधी पंधरापर्यंतही. नर तंबू राखतो. मादीला एका वेळी एकच पिल्लू, वर्षातून दोन वेळा. नंतर जे स्टॉर्झ यांनी भट आणि कुंझ यांच्यासोबत पुण्याच्या याच वाघळांचा आनुवंशिक अभ्यास केला, तो 2001 मध्ये छापून आला. उत्क्रांतीवर काम करणाऱ्या जगभरच्या लोकांनी वाचला. पुण्याच्या झाडांवरचा हा संसार परदेशातल्या प्रयोगशाळांना ठाऊक आहे. त्या झाडाखाली गाडी लावणाऱ्याला नाही.

आता दोघांना शेजारी बसवू आणि एकच प्रश्न विचारू : घर कोण बांधतं, कुणासाठी, आणि पुढे काय होतं?

घर दोघांतही नर बांधतो. हे घर दोघांतही आधी मादीला आणण्यासाठी आहे. चांगली जागा आणि चांगलं बांधकाम ज्याच्याकडे, त्याच्याकडे एकाहून जास्त माद्या. ज्याच्याकडे नाही, तो एकटा. पोरांचं खरं ओझं दोघांतही आईवर. इथपर्यंत साम्य बघून आपण चकित होतो, कारण ही दोन कुळं एकमेकांपासून कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झाली आहेत. एक अंडी घालणारं, एक दूध पाजणारं. नातं म्हणून साम्य आलेलं नाही. सारख्या अडचणीतून सारखा तोडगा निघाला.

पण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचो, साम्य सापडलं की लगेच टाळ्या वाजवू नका, फरकही शोधा. सुगरणीचा नर जोडून ठेवतो, वाघळाचा नर तोडून पोकळी करतो. पहिला विणकर, दुसरा कोरीव काम करणारा. पहिल्याची रीत अशी की प्रत्येक मादीला स्वतंत्र खोपा, म्हणून तो बांधतच राहतो. दुसऱ्याची रीत अशी की सगळ्या एकाच छताखाली, म्हणून तो बांधून झाल्यावर राखत बसतो. हे का? माझ्या समजुतीप्रमाणे याचं एक कारण सोपं आहे. अंडी एका जागी ठेवून उबवावी लागतात, त्यांना खोली लागते. वाघळाची आई पिल्लाला जन्मानंतर काही काळ पोटाशी घेऊन उडते, तिला खोली लागत नाही, आडोसा लागतो. घराचा आकार मुलाच्या गरजेतून ठरतो. वास्तुशास्त्रवाल्यांनी यातून काही शिकायला हरकत नाही.

इथे एक उपकथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1948 मध्ये अँगस हटन नावाच्या निसर्गप्रेमी गृहस्थांना तामिळनाडूच्या मेघमलाई डोंगरांत एक वटवाघूळ मिळालं. ते मुंबईला सोसायटीच्या संग्रहात आलं. त्यावर चिठ्ठी लागली आपल्याच या आखूड नाकाच्या वाघळाची. नाव ठरलं, खण बंद झाला. वीसएक वर्षांनी किट्टी थोंगलोंग्या या थाई शास्त्रज्ञानं तो नमुना हातात घेऊन नीट बघितला. शेपूट कुठाय? आखूड नाकाच्या वाघळाला लहानशी का होईना, शेपूट असते. दात मोजले, तेही जुळेनात. ती केवळ नवी जातच नव्हती, प्रजातीही नवी होती. 1972 मध्ये थोंगलोंग्यांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला सालिम अलींचं नाव दिलं. ज्या माणसानं किहीमला सुगरणीच्या नावामागचं सत्य बघितलं, त्याचं नाव चुकीची चिठ्ठी लागलेल्या एका वटवाघळाला मिळालं. हा योगायोग मला फार आवडतो. त्यानंतर ती जात जिवंत पुन्हा दिसायला 1993 उजाडलं.

चुकीच्या चिठ्ठीचं मोल संग्रहालयात फार नसतं. खण पुन्हा उघडता येतो. कायद्यात तिचं मोल वेगळं. आपला वन्यजीव संरक्षण कायदाही 1972चाच. त्याच्या पाचव्या परिशिष्टात उपद्रवी प्राण्यांची यादी होती : कावळा, उंदीर, घुशी आणि फळखाऊ वटवाघळं. जाती वेगवेगळ्या न बघता सरसकट. त्यांना मारायला कुणाची परवानगी नको. पुढे सालिम अलींच्या नावाच्या वाघळाला पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंक्तीत जागा मिळाली. बाकीची तिथेच राहिली. 2022च्या दुरुस्तीनं ते उपद्रवींचं परिशिष्ट काढून टाकलं. म्हणजे पन्नास वर्षं कायदाही तेच विचारत होता, तू कोण? तू काय करतोस, हे नाही. उंबराचं बी दूरवर कोण टाकतं, रात्री फुलणाऱ्या झाडांचे पराग कोण नेतं, हा प्रश्न यादी करताना कुणी विचारला नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न मीच विचारतो. "सर, आणि रोगराईचं काय?" ही भीती खोटी नाही. आपल्याच पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले आणि त्यांत निपाह विषाणूची प्रतिपिंडं सापडल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध केलं. ती गुहेत राहणारी जात वेगळी, आपली झाडावरची वेगळी. तरी काळजी सगळ्यांच्याच बाबतीत घ्यावी. कुरतडलेलं फळ खाऊ नये, वाघळाला हात लावू नये, त्यांच्या जागी त्यांना त्रास देऊ नये. पण बघा, हे ज्ञानसुद्धा नीट बघण्यातूनच आलं. कोणती जात, कुठली गुहा, कुठला विषाणू. भीती म्हणते 'वटवाघळं'. शास्त्र म्हणतं 'कोणतं वटवाघूळ?'

मी तत्त्वज्ञानाचा, म्हणून टॉमस नेगेलचं नाव घेतल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. 1974 मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला : वटवाघूळ असणं म्हणजे कसं असतं? त्यांचं म्हणणं असं की वटवाघूळ प्रतिध्वनीवरून जग ओळखतं. तो अनुभव आतून कसा असतो हे आपण कितीही माहिती गोळा केली तरी कळणार नाही. मी हा निबंध अनेक वर्षं शिकवला, आणि खरं सांगतो, एकदाही वर मान करून झाडावरचं वाघूळ बघितलं नाही. बघितलं असतं तर कळलं असतं की आपल्या पुण्याचं हे फळखाऊ वाघूळ नेगेलच्या वाघळासारखं प्रतिध्वनीवर चालत नाही. ते मोठ्या डोळ्यांनी बघतं आणि नाकानं पिकलेलं फळ शोधतं. त्यामुळे नेगेलचा युक्तिवाद पडतो असं नाही. वाघूळ असण्याचा अनुभव आपल्याला बाहेरचाच राहणार. पण दुसऱ्याच्या आत शिरता येत नाही, म्हणून तो काय करतो हेही बघायचं नाही, असं थोडंच आहे? चाळीस मुलांसमोर मी 'वटवाघूळ' म्हणत होतो आणि कुठलं, हा प्रश्न मलाही सुचला नव्हता. चिठ्ठी मीही वाचत होतो.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. मी या पेठेत वाढलो. आमच्या वाड्यात एक खोली भाड्यानं द्यायची होती. एक विद्यार्थी विचारायला आला, बाहेरगावचा, सायकल भिंतीला टेकवून दारात उभा. घरातल्या मोठ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आडनाव काय?" त्यानं सांगितलं. "खोली दिली गेलीय," असं उत्तर मिळालं. खोली तेव्हा रिकामीच होती. तो काय शिकतो, रात्री किती वाजता दिवा मालवतो, भाडं वेळेवर देईल का, काहीच विचारलं गेलं नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो, तिथेच उभा होतो, आणि गप्प बसलो. पुढे नीतिशास्त्र शिकवताना मला तो मुलगा अनेकदा आठवला. दारात उभ्या असलेल्या माणसाला आपण कोणता प्रश्न आधी विचारतो, तिथेच निम्मं नीतिशास्त्र संपतं.

आज घरी जाताना वाटेत खोटा अशोक किंवा भेरली माड दिसला तर एक मिनिट थांबा. दिवेलागण होऊन गेलीय, राहणारे बाहेर पडले असतील, घर रिकामं असेल. तरी बघा. आणि पावसाळ्यात शहराबाहेर एखाद्या विहिरीवरच्या बाभळीला खोपे दिसले, तर त्यातला अर्धवट सोडलेला खोपा नक्की शोधा. तिथे कुणीतरी आठ दिवस राबलं आहे, आणि कुणीतरी आत बसून, ओढून बघून, नको म्हटलं आहे.